विज्ञानाचा वर्ग आणि सहाध्ययन

(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनातील शिक्षणविषयक बैठकीत दिलेले भाषण)



अधिवेशनाच्या चालकांनी शिक्षणावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी विद्यापीठाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून आयुष्याची उत्तम वर्षे घालवून निवृत्त झालो. तेव्हा शिक्षणशास्त्रावर विद्वत्तापूर्ण व्याख्यान माझ्याकडून होणे नाही. तथापि वर्गात उभे राहून जे दिसले आणि त्यावरून जे वाचले व विचारात घेतले, ते आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. भिन्न भिन्न घरांतून, भिन्न भिन्न बोली व संस्कार घेऊन आलेल्या मुलांना विज्ञान व तंत्रज्ञान एकत्र कसे शिकवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपला वर्ग कसा असतो ते पाहू. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात धान पिकविणाऱ्या कुणब्या-पोवारांची मुले आहेत. तलाव बांधण्यात पिढ्यान् पिढ्या ख्यातनाम असलेल्या कोहळी समाजाची आहेत. मासेमारीवर पोट भरणाऱ्या ढिवरांची आहेत. कोशट्यांची, तेल्यांची, गोंडांची, बौद्धांची, मुसलमानांची आहेत. तुमसर तालुक्यात चिखला अथवा डोंगरी बुजुर्गच्या बाजूला गेलात, तर मँगनीजच्या खाणीत राबणाऱ्यांचीही भेटतील. घरी कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी, कोणी गोंडी, कोणी हिंदी. आणि पुस्तक मात्र एकाच प्रमाण मराठीत लिहिलेले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला आणि सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल शाळेत असणे हा त्याचा हक्क ठरला. ही विविधता आता शाळेच्या दाराबाहेर ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये.

प्रश्न असा की, या विविधतेला आपण अडचण मानतो की भांडवल मानतो? बहुतेक शिक्षक ती अडचण मानतात. 'चाळीस मुले चाळीस तऱ्हेची, शिकवायचे तरी कोणाला?' अशी तक्रार मी शिक्षकांच्या खोलीत असंख्य वेळा ऐकली आहे. मग शिक्षक पहिल्या दोन बाकांवरील मुलांना उद्देशून बोलतो, फळ्यावर व्याख्या लिहितो, आणि मागील बाकांवरची मुले ती उतरवून घेतात. बाष्पीभवनाची व्याख्या सर्वांच्या वहीत असते. परंतु गावच्या तलावाचे पाणी वैशाखात कोठे गेले, हे त्यांपैकी कोणीच सांगू शकत नाही.

यावर उपाय म्हणून आजकाल गट पाडण्याची पद्धत निघाली आहे. पद्धत चांगली, पण नुसते गट पाडल्याने काही साधत नाही. चार मुलांना एका मेजाभोवती बसविले आणि 'मिळून प्रयोग करा' असे सांगितले, म्हणजे काय घडते? जो मुलगा बोलका व हुशार, तो उपकरण हाती घेतो. मुलीच्या वाट्याला वहीत नोंदी लिहिण्याचे व शेवटी परीक्षानळ्या विसळण्याचे काम येते. तिसरा मान डोलावतो. चौथा, ज्याला घरी कधी कोणी 'तुला काय वाटते?' असे विचारलेले नाही, तो खिडकीबाहेर पाहतो. समाजात जी उतरंड आहे तीच मेजाभोवती मांडली जाते, आणि तिला आपण सहकार्य हे नाव देतो. खरे सहाध्ययन व्हावयाचे, तर कामाची घडणच अशी हवी की, गटातील कोणाही एकाला ते एकट्याने पुरे करता येऊ नये.

हा विचार प्रत्यक्षात आणल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण परदेशातील आहे. अमेरिकेत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. तरी प्रत्यक्ष एकत्रीकरण व्हावयास पुष्कळ वर्षे लागली. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी निरनिराळ्या वंशांची मुले एका वर्गात आली, तेव्हा त्यांच्यात तेढ माजली. १९७१ साली एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती योजिली. पाठाचे पाच-सहा भाग करावयाचे, गटातील प्रत्येक मुलाला एकच भाग द्यावयाचा, तो त्याने नीट शिकावयाचा आणि मग गटाला शिकवावयाचा. चित्राचे तुकडे जुळविण्याचा खेळ असतो, त्याप्रमाणे एक तुकडा नसेल तर चित्र अपुरे राहते. ज्याला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते, त्याच्याजवळचा तुकडा मिळाल्याखेरीज इतरांचा पाठ पुरा होईना; मग त्याचे म्हणणे कान देऊन ऐकणे भाग पडले.

दुसरे उदाहरण घरचे म्हणावे असे आहे. आपला जिल्हा १९५६ पूर्वी ज्या मध्यप्रांतात होता, त्याच प्रांतातील होशंगाबाद जिल्ह्यात (त्याचे नाव आता नर्मदापुरम् झाले आहे) १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांतून एक विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्याच्या साहाय्यास आले. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला स्वस्त साहित्याचा संच, प्रयोग मुलांनी स्वतः करावयाचा, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा, अशी त्याची रीत होती. १९७८ साली तो त्या संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. परंतु खेड्यातील सामान्य शाळेतही मुले आपल्या हातांनी विज्ञान शिकू शकतात, हे त्याने तीस वर्षे दाखवून दिले.

आणि वर्धा तर आपल्या शेजारीच आहे. १९३७ साली तेथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम करण्याची कल्पना मांडली. त्या कल्पनेचा मी आदर करतो. मात्र तेथे शाळा एक उद्योग निवडी आणि तो सर्व मुलांना शिकवी. मी जे सुचवीत आहे त्यात मुलांच्या घरी असलेले अनेक उद्योग वर्गात येतात आणि एकमेकांस भेटतात.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आज आपण 'मामा तलाव' म्हणतो, ते आणि लहान लहान बोड्या आपल्या गावोगावी आहेत. त्यांसारखी प्रयोगशाळा शासनाने कितीही खर्च केला तरी बांधून मिळणार नाही. म्हणून तलाव हाच पाठाचा विषय घ्यावा. चाळीस मुलांचे चौघाचौघांचे दहा गट करावे. गट शिक्षकाने पाडावे, मुलांवर सोपवू नये. एरवी एका आळीची मुले एका गटात जाऊन बसतात. प्रत्येक गटातील चौघांना तलावाचे चार भाग वाटून द्यावे. पहिला पाण्याची पातळी व बाष्पीभवन पाहील, दुसरा पाण्याचा गढूळपणा व उष्णता, तिसरा गाळ व माती, आणि चौथा मासे व पाणवनस्पती. मग एकेका भागाची दहा-दहा मुले एकत्र येऊन आपला भाग शिकतील. त्यांना आपण जाणत्यांचा गट म्हणू.

हे जाणते गट केवळ पुस्तकावरून शिकणार नाहीत. पहिल्या भागाची मुले तलावाच्या पाळीची निगा ठाऊक असलेल्या वृद्ध शेतकऱ्याला विचारतील की, पाणी कोणत्या महिन्यात कोठवर उतरते. तिसऱ्या भागाची मुले कुंभाराला व धानाची रोवणी करणाऱ्या बायांना मातीची परीक्षा विचारतील. बाटलीत माती व पाणी घालून हलवून ठेवतील आणि वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे थर पट्टीने मोजतील. चौथ्या भागाची मुले ढिवरवाड्यात जातील. तेथे त्यांना जे कळेल ते पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. रोहू, कतला, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे आहेत. तलावाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून त्यांचे बीज वर्षोवर्षी बाहेरून आणावे लागते. मरळीसारखे देशी मासे मात्र काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाने आपली पिल्ले वाढवितात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने व श्री. मनीष राजनकर यांनी ढिवर बांधवांच्या याच ज्ञानाचा आधार घेऊन आपल्या भागातील तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. ज्या ज्ञानावर संशोधक विसंबतात, ते ज्याच्या घरी आहे तो मुलगा वर्गात मागच्या बाकावर मुका का बसावा?

पहिल्या भागाचे गणितही गोड आहे. सपाट तळाच्या थाळीत पाणी घालून ती उघड्यावर ठेवावी आणि चोवीस तासांनी पाणी किती उतरले ते मोजावे. समजा, पाच मिलिमीटर उतरले. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा दहा हेक्टरांच्या तलावातून त्या हिशेबाने एका दिवसात पाचशे घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी हवेत जाते. हा आकडा मुलांनी स्वतः काढला, म्हणजे त्यांचे डोळे विस्फारतात. एका शाळेत हा प्रयोग करीत असता नेहमी पहिला येणारा विद्यार्थी हा आकडा अभिमानाने सांगू लागला. तेव्हा त्याच गटातील एक ढिवराचा मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, थाळी उन्हात लवकर तापते, तलाव एवढा तापत नाही." थाळीचे मोजमाप तलावाला जसेच्या तसे लावता येत नाही, ही दुरुस्ती त्याने एका वाक्यात केली. व्याख्या पाठ असलेल्या मुलाला ती सुचली नव्हती. आणि पहाटे बापाबरोबर पाण्यात उतरणाऱ्या मुलाला पाच लाखांचा हिशेब एकट्याने जमला नसता. त्या दिवशी दोघेही शिकले.

जाणते गट आपापला भाग शिकून परतले, की मूळच्या चौघांनी एकमेकांना शिकवावे. नंतर शिक्षकाने असा प्रश्न द्यावा की, ज्याला चारही भाग लागतील. मी हा प्रश्न सुचवितो: 'आपल्या तलावातील गाळ काढावयाचा आहे, तो कोठून, किती खोल आणि कोणत्या महिन्यात काढावा?' गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना शासनाने २०१७ साली आणली, तेव्हा हा प्रश्न काही काल्पनिक नाही. गाळ काढला तर पाणी अधिक साठेल आणि तो बांधीत पसरला तर धानाला लाभ होईल, असे शेतकऱ्याचे मूल म्हणेल. काठची उथळ जागा सरसकट खोदली तर वनस्पती जातील आणि मरळीची पिल्ले वाढावयाची जागा राहणार नाही, असे ढिवराचे मूल म्हणेल. तळाच्या चिकणमातीचा थर फोडला तर पाणी झिरपून जाईल, हे माती पाहणारा सांगेल. तलाव रुंदीने थोडा आणि खोलीने अधिक असेल तर उन्हाळ्यात पाणी कमी उडेल, हे बाष्पीभवन मोजणारा सांगेल. प्रत्येकाचे म्हणणे खरे. आणि उत्तर मात्र चौघांनी नकाशावर बोट ठेवून एकमताने ठरवावयाचे. मोठी माणसे ग्रामसभेत ज्या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात, तो प्रश्न तेरा-चौदा वर्षांची मुले मोजमापे पुढे ठेवून सोडवू शकतात. विज्ञानाचे शिक्षण याहून निराळे ते काय असते?

तंत्रज्ञानाच्या पाठासाठी भंडारा शहराला पितळ आहे. स्टीलची भांडी आल्यापासून हा धंदा मंदावला, तरी त्याची ख्याती व काही जाणते हात अजून आहेत. मुलांनी घरून लहान भांडी आणावी. ती तोलावी, काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवून सांडलेले पाणी मोजावे. आठशे चाळीस ग्रॅमच्या लोट्याने शंभर मिलिलिटर पाणी सांडले, तर घनता ८.४ येते आणि पितळ ओळखू येते, ॲल्युमिनियमची २.७ येईल. मग कारागिराला विचारावे की, तांबे वितळल्यावरच जस्त का घालतात. तो सांगेल, 'आधी घातले तर धूर होऊन उडून जाते.' पुस्तक सांगेल की, जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि तांबे १०८५ अंशांवर वितळते. कारागिराला रीत ठाऊक, पुस्तकाला कारण ठाऊक. दोन्ही एका वर्गात भेटली पाहिजेत.

हे करताना काही पथ्ये पाळावी लागतात, ती थोडक्यात सांगतो. कामे दर आठवड्याला फिरवावी. आज नोंदी लिहिणारी मुलगी उद्या तोलकाटा धरील, आणि विसळण्याचे काम मुलाकडे येईल. उत्तर कोणी द्यावे हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे प्रत्येकाला तयार राहावे लागते आणि हुशार मुलालाही आपल्या सोबत्याला तयार करावे लागते. शेवटचे उत्तर प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतंत्र लिहावे. मुले आपसात समजावताना झाडीबोलीत, पोवारीत अथवा गोंडीत बोलली तर त्यांना टोकू नये. पारिभाषिक शब्द शेवटी प्रमाण मराठीत पक्के करून घ्यावे. रोवणीच्या दिवसांत पुष्कळ मुले गैरहजर राहतात, म्हणून असा पाठ पावसाळा सरल्यावर घ्यावा. पाण्याजवळ जाताना दोन मोठी माणसे बरोबर असावी आणि मुलांनी पाळ सोडून खाली उतरू नये. अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा, असे शिक्षक विचारतील. त्यांना माझे म्हणणे असे की, प्रत्येक पाठ असा घेण्याची गरज नाही. एका सत्रात असे दोन पाठ मन लावून घेतले तरी पुष्कळ झाले.

पालकांचा आक्षेप याहून कठीण आहे, आणि आपण सर्व पालक असल्यामुळे तो येथे स्पष्ट बोलणे बरे. 'आमच्या हुशार मुलाने इतरांना शिकविण्यात वेळ का घालवावा?' असे कोणी विचारतो. जो दुसऱ्याला समजावून सांगतो त्याचेच ज्ञान पक्के होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मुलाला कोणाशेजारी बसविले याची चौकशी संध्याकाळी घरी होते. बंधूंनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बालपणी साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसावे लागले, आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. ज्या देशाने एका अलौकिक बुद्धीच्या मुलाला असे वागविले, त्याने विज्ञानाच्या मेजावरील पाण्याच्या पात्राला कोणाचा हात लागला हे आज विचारू नये. तलावाचे पाणी मोजणारी पट्टी जात ओळखत नाही.

आता मी आपल्या मंडळाकडे वळतो. दरवर्षी आपण ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. तो अवश्य चालू ठेवावा. परंतु त्याच्या जोडीला तीन गोष्टी कराव्या, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली: पुढील वर्षापासून एक पारितोषिक एकट्या विद्यार्थ्याला न देता, अशा पाठात उत्तम काम केलेल्या गटाला द्यावे, आणि त्या गटातील चारही मुलांना, ती कोणत्याही ज्ञातीची असोत, याच व्यासपीठावर बोलावून सारखाच मान द्यावा. दुसरी: मंडळाच्या शिक्षणनिधीतून तापमापके, तोलकाटे, भिंगे, मोजपट्ट्या व मापनपात्रे यांचे संच विकत घेऊन ते गावच्या शाळांना द्यावे. मंडळाच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूला कुलूप लागते. शाळेत ठेवलेली वस्तू झिजते, आणि ती झिजावी म्हणूनच घ्यावयाची असते. तिसरी: आपल्यातील जाणत्या शेतकऱ्यांनी, कारागिरांनी व मायभगिनींनी वर्षातून अर्धा दिवस शाळेला द्यावा.

ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेरच्या मुलांवर का खर्चावा, असा प्रश्न निघेल, हे मी जाणून आहे. त्याचे उत्तर हिशेबाचे आहे. चौघांच्या गटात आपला मुलगा एक असेल, तर त्याच्या शिक्षणाचे तीन हिस्से इतर तिघांच्या हाती आहेत. ते तिघे मागे राहिले, तर आपला मुलगाही अर्धवट चित्र घेऊन घरी येईल. ऐपतीची घरे आपली मुले शहराच्या इंग्रजी शाळांत पाठवू लागली आहेत. तेथे त्याला इंग्रजी येईल, पण आपल्याच गावचा तलाव कोणी कसा जोपासला हे सांगणारा सोबती तेथे भेटेल असे मला वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी सुद्धा तलाव एकट्याने बांधला नाही. पाळ एकाने बांधली, पाणी दुसऱ्याच्या धानाला गेले, मासे तिसऱ्याने धरले, आणि म्हणूनच तो तलाव पिढ्यान् पिढ्या टिकला.

या तीन सूचनांचा कार्यकारी मंडळाने ठराव करून विचार करावा, अशी विनंती करतो.